जनेल उघडून जेवू या

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘जुन्या घरातलं रेस्टॉरंट : जतन की विद्रूपीकरण’. त्यावर येतोच. आधी मला एका खिडकीबद्दल बोलू द्या.

गोव्यात पोर्तुगीज काळातल्या एका घरात जेवायला गेलो होतो. नाव सांगत नाही. बाहेर बाल्कांव, म्हणजे दोन्ही बाजूंना बसायचे कट्टे असलेली ओसरी. आत उंच दिवाणखाना आणि भिंतीत शिंपल्यांचं जनेल, म्हणजे खिडकी. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पणजीच्या फोंतेन्हासमध्ये असल्या खिडक्यांसमोर फोटो काढलेत, मला माहीत आहे! काच महाग आणि लांबून आणावी लागणारी, म्हणून चपट्या शिंपल्याचे पातळ चौकोन कापून लाकडी पट्ट्यांत बसवत. झुआरी नदीच्या मुखाजवळ, चिखलीच्या खाडीत तो शिंपला आजही आहे. त्यातून ऊन गाळून येतं, दुधाळ, डोळ्यांना न टोचणारं.

तर हे जनेल आतून प्लायवूड ठोकून बंद केलेलं, आणि त्यावर एसी. जेवायला बसलो, शाकुती आली. खोटं कशाला बोलू, शाकुती अप्रतिम होती. पण माझं लक्ष भिंतीकडे. हात लावला तर गिलावा पोकळ वाजला आणि तळव्याला पांढरे क्षार लागले. वेटर होता कोवळा पोरगा. त्याला म्हटलं, "बाळा, ही भिंत आजारी आहे." तो म्हणाला, "दर वर्षी रंग देतो, तरी पोपडे येतात." दर वर्षी! त्या रंगाचे पैसे कुठे जातात ते मला दिसत होतं.

कारण साधं आहे. ही घरं जांभ्या दगडाची. जांभा पावसाळाभर पाणी पितो आणि नंतर सोडतो. चुन्याचा गिलावा ती वाफ बाहेर जाऊ देतो. सिमेंट अडवतं. मग क्षार गिलाव्याच्या मागे साठतात आणि त्याला ढकलून पाडतात. वर एसीने भिंत गार केली की दमट हवा तिच्यावर पाणी सोडते, आणि बुरशी तुळयांपर्यंत जाते.

जाता जाता एक. ज्या घमेल्यातून गवंडी चुना वाहतो, तो शब्द पोर्तुगीज ‘गामेला’वरून आलाय. चावी, पगार, बटाटा, पाव हेही तिकडचेच. म्हणजे ते घर परकं, असं म्हणायची सोय आपल्याला नाही. जांभा इथला, शिंपला इथला, बांधणारे हात इथले.

(चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. बरं.)

मग मूळ प्रश्न. माझं मत : रेस्टॉरंट हे या घरांचं सर्वांत चांगलं भवितव्य आहे. १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेतून आलेला वारसा कायदा गोव्यात आजही मुला-मुलींना हक्काचा वाटा देतो, ही चांगलीच गोष्ट. पण एका घराला वीस वारस, कुणी लिस्बनला, कुणी मुंबईला, आणि दाराला कुलूप. कौल सरकतं, वाशात पाणी मुरतं, वाळवी लागते, कुणाला कळतही नाही. जिथे रोज चूल पेटते तिथे गळणारं कौल त्याच दिवशी दिसतं.

फक्त काही गोष्टी पाळा. स्वयंपाकघर मागच्या पडवीत ठेवा, धूर आणि तेलकटपणा दिवाणखान्यात नको. टेबलं बाल्कांवात आणि अंगणाभोवती मांडा. दुपारपेक्षा संध्याकाळ चालवा. गिलावा चुन्याचाच, आणि तो जाणणाऱ्या गवंड्याला त्याची खरी मजुरी द्या. फुटलेला शिंपला तसाच जपा, तो आता कायद्याने संरक्षित आहे, बाजारातून आणता येत नाही. तुळईला ड्रिल लावू नका.

आणि गिऱ्हाइकांनी एवढंच विचारायचं : जनेल उघडता का? मी त्या दिवशी विचारलं. पोरगा आत जाऊन मालकिणीला विचारून आला, स्क्रू काढायला तब्बल वीस मिनिटं लागली. प्लायवूड निघालं, आणि शेजारच्या टेबलावरच्या आजी म्हणाल्या, "अगं बाई, अजून उजेड आहे की!"