अत्तर लावलं, की उठायचं

श्रोतेहो, नमस्कार. लग्नसराई जवळ आली की साताऱ्यात आमच्या मावशी ट्रंकेतली चांदीची गुलाबदाणी काढतात. वर्षभरात तिची भोकं बुजलेली असतात. ती एकेक करून सुईने मोकळी करायची, चिंचेच्या कोळाने चकचकीत घासायची आणि कार्याच्या दिवशी दारात एखाद्या पोरीच्या हातात द्यायची. पंज्यावर अत्तराचं बोट, अंगावर गुलाबपाण्याचे चार शिंतोडे, झालं स्वागत!

मराठ्यांच्या दरबारात मात्र ही निरोपाची खूण होती. अत्तर-गुलाब, पानसुपारी शेवटी यायची. ती फिरली की मुजरा करून उठायचं. ‘आता या’ असं कुणा सरदाराला तोंडावर सांगायची वेळच येत नसे. विडा कुणाच्या हातून मिळाला, यावरही डोळे असत. पुढे इंग्रजांनी हे बरोब्बर उचललं. त्यांच्या दरबारात बड्यांना अत्तर-पान साहेब स्वतः देई, बाकीच्यांना त्याचा असिस्टंट. म्हणजे विडा तोच, पण मान वेगळा.

आणि या थाटामागे राबणारे हात किती! पाणी अबदारखान्याकडे, स्वयंपाक मुदपाकखान्याकडे, बिछायत फरासखान्याकडे, हत्ती पीलखान्यात. अठरा कारखाने, म्हणजे खाती, म्हणत त्यांतलीच ही. महाराजांना तहान लागली तरी एक खातं हलायचं.

हा सगळा डामडौल एका कुत्र्याने उधळला. साताऱ्याचे थोरले शाहू महाराज, म्हणजे शिवरायांचे नातू, यांना शिकारीचा भारी नाद. वाघाच्या शिकारीत त्यांच्या लाडक्या कुत्र्याने जीव वाचवला, तेव्हा महाराजांनी त्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला. १८१८ नंतर साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी, असलेल्या ग्रँट डफने पुढचा किस्सा लिहून ठेवलाय. एका सरदाराची भेट थाटामाटात घ्यायची होती. महाराजांनी काय करावं? जरीची वस्त्रं आणि दागिने कुत्र्याच्या अंगावर चढवले, वर स्वतःची पगडी ठेवली. त्यानंतर म्हणे त्यांनी डोईला काही घातलंच नाही! त्या सरदाराने मुजरा कुणाकडे बघून केला असेल, देव जाणे. कुत्र्याचं नाव खंड्या. संगम माहुलीला कृष्णाकाठी त्याची समाधी आहे.

मावशींना मी एकदा ही दरबारी रीत सांगितली. म्हटलं, अत्तर शेवटी लावायचं असतं. त्या म्हणाल्या, “आधी लावलं म्हणून आजवर कोण न जेवता गेलंय रे?”