नुएर सांगत नाहीत

[दृश्य : सपाट माळ. झाड नाही. लांबवर धुराच्या रेघा.]

साल १९३०. आज ज्याला दक्षिण सुदान म्हणतात तो मुलूख. कागदोपत्री इंग्रज आणि इजिप्त यांचं संयुक्त राज्य, प्रत्यक्षात हुकूम इंग्रजांचा. एका गोऱ्या माणसाचे हमाल भर माळात त्याचं सामान टाकतात आणि मोकळे होतात. सावली अर्ध्या मैलावर दिसतेय. तेवढं तिथवर न्या, असं तो विनवतो. हमाल नुएर आहेत, याच मुलखातले गुरं राखणारे लोक. ते म्हणतात, नाही.

दुसरा दिवसही मनधरणीतच जातो. तंबू शेवटी उन्हातच ठोकावा लागतो.

हा माणूस म्हणजे मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड ईव्हान्स-प्रिचर्ड. वय २७. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकलेला. आफ्रिका त्याला नवखी नव्हती. त्याआधीच तो याच मुलखातल्या अझांदे लोकांत राहून आला होता. अझांदे त्याला साहेब म्हणून मान देत, आणि त्याच मानाने चार हात लांबही ठेवत. नुएरांकडे मानाचा प्रश्नच नव्हता. रामराम केला तर उत्तर नाही. बोलायला गेलं तर तोंड फिरवून चालू लागायचे.

[दृश्य : नकाशा. नद्या : बहर-अल-गझल, सोबात, पांढरी नाईल.]

एवढा राग कशाचा, हे कळायला दोन-तीन वर्षं मागे जावं लागतं. डिसेंबर १९२७ मध्ये नुएरांनी फर्ग्युसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ठार मारलं. सरकारने सैन्य धाडलं, विमानं धाडली. बॉम्बफेकीतून गुरांचे कळपही सुटले नाहीत. १९२९ मध्ये ग्वेक मारला गेला. ग्वेक म्हणजे नुएरांचा मोठा भगत. अंगात दैवत येणारा आणि त्या जोरावर माणसं गोळा करणारा. आणि मग त्याच सरकारने ईव्हान्स-प्रिचर्डला सांगितलं, जा, या लोकांचा अभ्यास कर.

आता तुम्हीच सांगा, सामान कोण वाहील?

त्याने स्वतः हे लपवलं नाही. आपण त्यांच्या गुरांच्या तळावर परका म्हणूनच नव्हे तर शत्रू म्हणून पाऊल टाकत होतो, असं त्याने पुढे नुएरांवरच्या पुस्तकात लिहून ठेवलं. पण लिहिलं ते सुरुवातीच्या काही पानांत. नंतरच्या पानांतून विमानं जवळजवळ गायबच होतात. मला ही खोट मोठी वाटते.

[दृश्य : तळावर संध्याकाळ. गुरं परतताहेत.]

माहिती काढायची तर त्याच्याकडे दुभाषाही धड नव्हता. अत्वोत जमातीचा एक नोकर, त्याला नुएर येत होती आणि थोडी अरबी. म्हणजे प्रश्न अरबीतून नुएरमध्ये जायचा आणि उत्तर उलट्या वाटेने यायचं. तेही आलं तर. नाव विचारलं की नुएर उलट विचारणार, माझं नाव हवंय तुला? भावकी कुठली म्हटलं की, तुला काय करायचंय, सांगितलं तर तुझ्या देशात घेऊन जाशील का? साहेब वैतागून म्हणणार, राहू दे, नको सांगूस. मग विचारलंस कशाला? बरं, थोडी तंबाखू दे.

अडाणीपणा म्हणून हे हसण्यावारी नेण्यात अर्थ नाही. माणूस नाव सांगतो ते समोरच्याचा हेतू ठाऊक असतो म्हणून. इथे हेतू सरकारच्या खलित्यात होता. न सांगणं हे नुएरांचं शहाणपण होतं, आणि ईव्हान्स-प्रिचर्डला पुढे जे काही गवसलं ते या न सांगण्यामुळेच गवसलं.

ते असं.

अझांद्यांमध्ये त्याला हाताशी ठरावीक जाणकार बसवता आले होते; प्रश्न विचारायचे, उत्तरं टिपायची. नुएर एकेकट्याने बसून सांगायला तयारच होईनात. मग उरलं काय? तंबूच्या दारातून बघत राहणं, आणि ते जे करतील ते करणं. न्हिआल नावाचा एक तरुण त्याला येऊन मिळाला. बारा दिवसांनी त्यानेच आपल्या भाऊबंदांना राजी करून ते सामान माळावरून रानाच्या कडेला हलवलं. पुढे मुओत दितच्या तळावर ईव्हान्स-प्रिचर्ड पोरांबरोबर मासे मारू लागला. दिवस बरे चालले होते.

एका पहाटे सरकारी शिपायांनी तळाला वेढा घातला. बंडातल्या दोन भगतांचा शोध होता. ते सापडले नाहीत, तर ओलीस धरून नेले. आपण नेमके कोणाच्या बाजूचे, हे त्या लोकांना काय सांगणार? तो निघून गेला.

[दृश्य : न्यान्डिंग नदी, कोरडी.]

१९३१ मध्ये पुन्हा आला. न्यान्डिंगच्या काठी पाणी थोडं आणि घाण, गुरं बुळकांडीने मरताहेत, माश्यांचं मोहोळ उठलेलं. सामान वाहायला गाढवं दोन, त्यातलं एक लंगडं. तिथून तो सोबातवर याक्वाचला गेला आणि तिथे त्याने काही गुरं मिळवली.

आणि मग चित्र पालटलं. ज्याच्याकडे गाय आहे त्याच्याशी बोलायला विषय असतो. गाय व्याली का, दूध किती, कुठल्या रंगाची, शिंगं कशी. तरुणांशी गप्पा मारायच्या तर विषय दोनच, गुरं आणि पोरी. आणि पोरींचा विषय निघाला तरी तो फिरून गुरांवरच यायचा. साहजिक आहे. लग्नात देज गुरांत, खुनाची भरपाई गुरांत. रीतीप्रमाणे एका माणसाच्या जिवाला ४० ते ५० गुरं.

[दृश्य : शेणाच्या धुन्या, राखेने पांढरी झालेली अंगं.]

डासांसाठी रात्रभर शेणाच्या धुन्या पेटत्या ठेवायच्या. सकाळी तीच राख अंगाला, तीच दाताला. आपल्याकडच्या राखुंडीवर दात घासलेल्या पिढीला यात नवल वाटू नये. दुधाचे भोपळे गोमूत्राने धुवायचे. पावसाळ्यात उंचवट्यावरच्या गावात ज्वारी, उन्हाळ्यात पाण्याजवळचे तळ आणि दूध-मासे. दिवसाची वेळ सांगायची तर गुरं सोडली तेव्हा, धार काढताना, वासरं परत आली तेव्हा, अशी.

यजमान आता पुरेपूर जवळ आले होते, जरा जास्तच. पहाटेपासून रात्रीपर्यंत तंबूत माणसं. तंबाखू मागणारे, नुसते बसणारे. सगळ्यात मोठा जाच कुठला, तर आडोसा नाही. अगदी खाजगी विधीही साऱ्या तळाच्या डोळ्यांदेखत. त्याची सवय व्हायला त्याला फार दिवस लागले, आणि पुरती कधी झालीच नाही. अझांद्यांनी त्याला आपल्यातलं होऊ दिलं नाही, आणि नुएरांनी दुसरं काही होऊ दिलं नाही.

या गर्दीत बसूनच त्याला दिसलं की इथे राजा नाही, पाटील नाही, कचेरी नाही, तरी कारभार चालतो. भांडण लागलं की भावकी भावकीच्या मागे उभी राहते. सख्ख्यांशी वाद असेल तर सख्खे दोन बाजूंना. चुलत घराणं अंगावर आलं की तेच सख्खे एक. शेजारच्या दिंका लोकांवर चालून जायचं तर अख्खी जमात एक. खून पडला की खुनी पळतो तो बिबळ्याचं कातडं पांघरणाऱ्या माणसाच्या घरी. त्याच्या दारात सूड घेता येत नाही. तो गुरांवर तडजोड घडवतो. हुकूम करायची ताकद त्याच्यात नसते. गावाकडच्या बांधाच्या भांडणात वाढलेल्या मराठी माणसाला यातलं निम्मं न सांगता कळेल.

१९३५ आणि १९३६ मध्ये तो आणखी दोनदा गेला, प्रत्येक वेळी साधारण सात आठवडे. सगळं मिळून जेमतेम वर्षभर. हे पुरेसं नाही असं त्याचंच मत होतं. तरी त्या वर्षाच्या जोरावर मानववंशशास्त्राची एक अख्खी पिढी घडली. त्यात आपल्याकडचा एक धागा आहे : मुंबईत समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांच्याकडे शिकलेले एम. एन. श्रीनिवास ऑक्सफर्डला गेले आणि त्यांचा कुर्गवरचा प्रबंध तिथे ईव्हान्स-प्रिचर्डच्याच मार्गदर्शनाखाली पुरा झाला. परतल्यावर १९४८ मध्ये श्रीनिवास म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहायला गेले.

[दृश्य : आजचा बाजार. नोटा मोजणारे हात.]

नुएर मात्र १९३६ मध्ये थांबून राहिले नाहीत. १९८० च्या सुमारास शॅरन हचिन्सन ही अमेरिकन अभ्यासक तिथे राहायला गेली, तोवर बाजार आला होता, मजुरी आली होती. पैशाला रक्त नसतं, असं लोक तिला सांगत; गाईला असतं, माणसालाही. मग पैशाने घेतलेल्या गाईचं काय? लोकांनी वाट काढली. मुलीच्या लग्नात आलेल्या गुरांवर काका-मामांचा हक्क, पैशाने घेतलेल्या गुरांवर मालकाची पकड जास्त. घरातले वाद आता या सीमेवर लागत होते.

१९८३ मध्ये सुदानात यादवी पेटली. २०११ मध्ये दक्षिण सुदान स्वतंत्र झाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये नव्या देशातच लढाई जुंपली. कळप लुटले गेले, माणसं इथिओपियातल्या गाम्बेलाच्या छावण्यांत गेली. कितीतरी त्याआधीच अमेरिकेत पोहोचली होती. ओमाहा आणि मिनेसोटात आज नुएरांच्या वस्त्या आहेत. मिनेसोटातला नुएर मुलगा लग्न ठरवतो तेव्हा देजाची बोलणी अजून गुरांतच होतात. डॉलर इकडून जातात, गाई तिकडे घेतल्या जातात, आणि त्या कोणत्या काकाच्या दावणीला जायच्या यावर भावकी तासन् तास वाद घालते.