लेखकु जाहला

नमस्कार मंडळी. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मराठी साहित्याचा आठशे वर्षांचा इतिहास’ असं छापलंय आणि त्याखाली ‘वेळ : २० मिनिटे’. म्हणजे मिनिटाला चाळीस वर्षं. तुकोबांच्या वाट्याला एक मिनिट जेमतेम येतं. शिवाय माझ्यानंतर गाणी आहेत, तुमचे कान तिकडे लागलेत हे मला इथून दिसतंय. तेव्हा सगळा इतिहास राहू द्या. मी एकाच शब्दाचं बोट धरून जातो.

ज्ञानेश्वरीच्या शेवटाकडची ही ओवी बहुतेकांनी ऐकलेली असते :

शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें ।
सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥

शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९०. टीका, म्हणजे गीतेवरचं भाष्य, केली ज्ञानेश्वरांनी, आणि ‘लेखक’ कोण? तर सच्चिदानंदबाबा. जो उतरवून घेतो तो लेखक. आज आपण त्याला लेखनिक म्हणतो आणि त्याचं नाव छापायचं विसरतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की मराठीचं बरंचसं वैभव या दुसऱ्या माणसामुळे आपल्या हाती आलं. बोलणारे थोर होतेच, पण शेजारी कुणीतरी बोरू तासून बसलेलं होतं.

ज्ञानेश्वरीच्या जरा आधी जा. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी स्वतः गुजरातचे, निरूपण मराठीत केलं, आणि स्वतः ग्रंथ एकही लिहिला नाही. ते गेल्यावर म्हाइंभट नावाचा विद्वान शिष्य कामाला लागला. स्वामी कुठे, कुणाशी, काय बोलले, हे ज्याला आठवत होतं त्याला गाठून विचारायचं, लिहायचं आणि स्वामींमागे पंथाचे आचार्य झालेल्या नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यायचं. त्यातून ‘लीळाचरित्र’ उभं राहिलं. शाळेत आपण हे ‘मराठीतला आद्य गद्यग्रंथ कोणता?’ या एका मार्कात संपवलं. खरं तर ते वाचायला घ्यावं. त्यात माणसं रुसतात, उपाशी झोपतात, भाबडे प्रश्न विचारतात. पुढे मूळ प्रत लुटालुटीत गेली असं परंपरा सांगते. मग ज्यांना पाठ होतं त्यांनी ती पुन्हा सांगितली. अशा एका पाठाला, म्हणजे ग्रंथाच्या एका रूपाला, हिराइसा या बाईचंच नाव आहे. आणि जिथे आठवणी जुळल्या नाहीत तिथे म्हाइंभटांच्या वारसदारांनी एक खरी, दुसरी खोटी असा निवाडा केला नाही. अमक्याचं म्हणणं असं, तमक्याचं तसं, अशी नोंद ठेवली. तेराव्या-चौदाव्या शतकातली ही शिस्त पाहिली की मला आपल्या मंडळाच्या इतिवृत्ताची लाज वाटते.

भाषेबद्दलही ही मंडळी ठाम होती. संस्कृतातून प्रश्न आल्यावर नागदेवाचार्य म्हणतात, ‘तुमचा अस्मात् कस्मात् मी नेणें गा, मज श्रीचक्रधरें निरूपिली मऱ्हाटी.’ गंमत म्हणजे हेच साहित्य पंथाने पुढे सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवलं. राजवाडे, भावे या संशोधकांच्या पिढीत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, ते बाहेरच्यांना उलगडू लागलं.

उतरवून घेताना चुका होतात, भर पडते. ज्ञानेश्वरीचंही तसंच झालं. शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये एकनाथांनी प्रती जमवून ती शुद्ध केली. नाथ स्वतः मोठे कवी. मनात आलं असतं तर चार ओव्या घुसडणं त्यांना काय जड होतं? त्यांनी उलट दटावून ठेवलं की जो कुणी यात आपली ओवी घालील, ‘तेणें अमृताचे ताटीं जाण नरोटी ठेविली’. अमृताच्या ताटात नारळाची करवंटी! संपादनावर याहून नेमकं मी काही वाचलेलं नाही.

आता आपल्या मुलांसाठी एक गोष्ट. ती मेसेजमध्ये मराठी रोमन लिपीत लिहितात म्हणून आपण कपाळाला हात लावतो. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, भाषा शिकला आणि त्याने अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. ते १६१६ मध्ये राचोल इथे रोमन लिपीत छापलं गेलं. ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा’ हे मराठीचं कौतुक त्याचंच. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं. छापील प्रत आज एकही ज्ञात नाही. पुराण टिकलं ते हातांनी उतरवलेल्या प्रतींमुळे. तेव्हा मुलं रोमनमध्ये लिहितात तर लिहू द्या. देवनागरीचा हट्ट मीही धरतो, पण नंतर.

छपाईचा काळ मी धावत ओलांडतो. १८०५ मध्ये विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण, ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ हे वृत्तपत्र, १८५७ मध्ये बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी. लेखक म्हणजे रचणारा, हा अर्थ एव्हाना पक्का झाला.

तरी जुना ‘लेखकु’ संपला नाही. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात त्या ओव्या रचत आणि मुलगा सोपानदेव व एक नातलग त्या टिपून ठेवत. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. मग ती वही सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. ती वही कुणी रद्दीत घातली असती तर? मला हा विचार फार वेळ करवत नाही.

आमच्या घरीही एक वही आहे. आजी गेल्यावर तिच्या जात्यावरच्या ओव्या मी फोनवरून उतरवायला घेतल्या. एक ओळ आई सांगायची, एक मावशी. एका ओवीत आई म्हणते ‘मावळण’, मावशी म्हणते ‘माउली’. दोघीही हटत नाहीत. त्यावरून एक अख्खा रविवार अबोला झाला. शेवटी मी दोन्ही शब्द लिहिले. एकापुढे ‘आईचा पाठ’ आणि दुसऱ्यापुढे ‘मावशीचा पाठ’.