मक्त्याचा करार

नमस्कार श्रोतेहो. नागपूरजवळच्या मिहानमध्ये किंवा बुटीबोरीच्या उद्योग वसाहतीत परदेशी कंपनी येणार अशी बातमी आली, की पानठेल्यावर दोनच गोष्टींची चर्चा होते: पोरांना नोकऱ्या किती, आणि जमिनीचा भाव कुठवर जाणार. करारात काय लिहिलंय, हे कोणी विचारत नाही. आज त्याबद्दलच बोलू.

कंपनीचा पैसा तिच्या खिशात असतो तोवर पारडं तिचं जड. ती एकाच वेळी दोन-तीन राज्यांशी बोलते आणि जमीन, पाणी, करसवलत याच काळात पदरात पाडून घेते. टाटा-एअरबसचा विमान कारखाना नागपूरला येईल येईल म्हणता 2022 साली बडोद्याला गेला, ते आठवत असेलच. मात्र कारखाना एकदा उभा राहिला की तो उचलून नेता येत नाही, मग जोर सरकारचा. रेमंड व्हर्नन या अमेरिकी अभ्यासकाने हे 1971 सालीच मांडलं होतं. कंपन्याही ते ओळखून असतात, म्हणून आधीच हमी लिहून घेतात.

एन्रॉन या अमेरिकी कंपनीचं बघा. वीज प्रकल्प कोकणात, दाभोळला, पण बिल भरणारं राज्य वीज मंडळ, म्हणजे तेव्हा आपल्या मोटारपंपाला वीज देणारंच. आपल्याकडे शेत मक्त्याने केलं की पीक येवो न येवो, ठरलेली रक्कम मोजावीच लागते. बटईत नुकसान दोघांत वाटलं जातं. मंडळाने 1993 साली केला तो मक्ता. वीज उचला अथवा नका उचलू, प्रकल्प तयार आहे एवढ्यावर स्थिर आकार द्यायचा. इंधन महागलं, डॉलर वधारला, तरी भार मंडळावरच. वर केंद्राची प्रतिहमी, म्हणजे राज्याने पैसे थकवले तर केंद्राने भरायचे. वीज जितकी कमी उचलावी, तितकं युनिट महाग! आणि इकडे कोराडी, चंद्रपूरची कोळशाची वीज त्याहून स्वस्त होती.

1995 साली राज्यात सरकार बदललं आणि करार रद्द झाला. तेव्हा बांधकाम सुरू होतं, कंपनीचा पैसा अडकला होता. अटी बदलून घ्यायची याहून चांगली वेळ नव्हती. काही महिन्यांतच फेरवाटाघाटी झाल्या. कागदावर दर उतरला, प्रकल्प मात्र आणखी मोठा झाला आणि मक्ता तसाच राहिला. माझ्या मते पहिल्या करारापेक्षा ही चूक मोठी. 2001 साली मंडळाने वीज घेणं थांबवलं, आणि त्याच डिसेंबरात एन्रॉनचंच दिवाळं निघालं.

सौदा वेळेवर साधला की काय होतं, तेही नागपुरात दिसतं. एअर इंडियाने बोइंगची 68 विमानं घेतली, तेव्हा विकण्याची गरज बोइंगला होती. त्याच सौद्यात भारतात विमान दुरुस्ती केंद्र उभारायचं कबूल करून घेतलं. ते मिहानमध्ये झालं. 2015 साल उजाडलं, ही गोष्ट वेगळी.

तुमच्या ग्रामसभेत कोणी नाहरकत मागायला आलं, तर नोकऱ्यांचा आकडा नंतर ऐका. आधी पाण्याचं विचारा: कोणत्या धरणातलं, किती, आणि पाऊस ओढ देईल त्या वर्षी पहिली कपात कोणाची, कारखान्याची की कालव्याची? उत्तर करारात लिहिलं असेल तर त्याची प्रत मागा.