मटकी, मीठ आणि 'सोपं एपी'

(न्यू जर्सीतल्या एका महाराष्ट्र मंडळात, हायस्कूलच्या मुलांच्या पालकांपुढे झालेलं हे भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवताना पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत, म्हणजे कार्यक्रम आपलाच आहे. (हशा) मला चाळीस मिनिटं दिली होती. त्यातली दहा माझ्या परिचयात गेली आणि त्यातही माझं कॉलेज चुकवलं. असो.

विषय आहे, 'एपी एन्व्हायर्नमेंटल सायन्स घेतलं तर मुलांनी काय अपेक्षा ठेवावी'. एपी म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा विषय, आणि हा पर्यावरणशास्त्राचा. मुलं याला 'एप्स' म्हणतात, आद्याक्षरं जोडून. माझ्या एका विद्यार्थिनीने घरी जाऊन सांगितलं, "मी पुढच्या वर्षी एप्स घेतेय." भारतातून आलेल्या आजीने विचारलं, "माकडं पाळायला शिकवतात का गं?" ही आजी लक्षात ठेवा, पुढे कामाची आहे.

आधी माझा एक राग. दर फेब्रुवारीत, पुढच्या वर्षीचे विषय निवडायची वेळ आली की, मला फोन येतात. "ताई, केमिस्ट्री त्याला झेपणार नाही असं वाटतंय. मग तुमचं ते झाडांचं घेऊ का? सोपं एपी आहे म्हणे." तुमचं ते झाडांचं! मी सातारची आहे, मला रागावता येतं. पण फोनवर "हो, हो, घ्या ना" म्हणते आणि ठेवते. आज माइक माझ्या हातात आहे.

दोष आपल्या पिढीचा आहे. पर्यावरण म्हटलं की आपल्याला निबंध आठवतो. सुरुवातीला एक अभंग, मध्ये 'मानवाच्या हव्यासापोटी', शेवटी 'झाडे लावा, झाडे जगवा'. मी स्वतः असे निबंध लिहून बक्षीस मिळवलंय, स्टीलचा डबा. अजून वापरात आहे. माझा पुण्याचा भाचा तर अकरावीची पर्यावरणाची प्रकल्पवही आदल्या वर्षीच्या मुलाकडून आणून, नाव बदलून, मार्जिन आखून द्यायचा. मार्जिन मात्र स्वतः आखायचा. (हशा) ही सवय आपण नकळत मुलांच्या पदरात टाकतो: चांगली भावना असली की चांगलं उत्तर झालं.

इथे तसं होत नाही. एक नमुना देते. लॉनवरचं खत तळ्यात वाहून गेलं तर मासे का मरतात, स्पष्ट करा. मूल लिहितं, 'खतामुळे पाणी प्रदूषित होतं, पर्यावरणाचं संतुलन बिघडतं आणि मासे मरतात.' आमच्या मराठीच्या बाईंनी याला पाचपैकी चार दिले असते, अक्षर चांगलं असेल तर साडेचार. एपीचा परीक्षक शून्य देतो. प्रदूषित म्हणजे काय झालं? संतुलन कशाचं? मासा मेला कशाने? त्याला हवं असतं ते असं: खतातल्या फॉस्फरसवर शेवाळ माजतं, ते मरून तळाशी जातं, त्याला कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात, तो कमी पडला की मासे गुदमरतात. एक कडी गाळली की त्या कडीचा गुण गेला. पान भरून लिहिलंय म्हणून दया येत नाही.

आणि हे काही पुस्तकातलं तळं नाही बरं का. लेक होपॅटकाँग, आपल्या राज्यातलं गोड्या पाण्याचं सगळ्यात मोठं तळं. 2019 च्या उन्हाळ्यात तिथे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे शेवाळासारखे पसरणारे जिवाणू, माजले आणि पाण्यात उतरू नका म्हणून सूचना निघाल्या. कुणाकुणाचं बोटिंग बुडालं होतं? (काही हात वर) बघा. लॉनच्या खतात फॉस्फरस वापरण्यावर न्यू जर्सीत 2011 च्या कायद्याने बंधन आहे. मातीची तपासणी करून गरज दिसली किंवा नवीन गवत लावायचं असेल तरच चालतं. इथे बसलेल्या किती जणांनी माती तपासलीय ते मी विचारत नाही. जेवायचंय आपल्याला अजून.

आता मटकी. ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते, तुम्हालाही ऐकावी लागेल.

शेतीला वर्षानुवर्षं पाणी देत गेलं की जमिनीत क्षार साठतात आणि बी रुजत नाही, हा आमच्या अभ्यासक्रमातला भाग आहे. त्याचा प्रयोग शाळेत मुळ्याच्या बियांवर करतात. ती आजीवाली मुलगी त्या दिवशी गैरहजर होती. मी म्हटलं, घरी कर. बिया तुझ्या तू बघ. घरी आईने मिसळीसाठी मटकी भिजवली होती. हिने त्यातली मूठभर मागितली. सहा वाट्या घेतल्या, प्रत्येकीत तीस दाणे. एका वाटीत साधं पाणी, चार वाट्यांत वाढत्या प्रमाणात मीठ आणि सहाव्या वाटीत घरापुढच्या ड्राइव्ह-वेवरून खरवडून आणलेल्या बर्फाचं वितळलेलं पाणी. आपण हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून तिथे मीठ टाकतो ना, ते पाणी. ही सहावी वाटी तिची स्वतःची कल्पना. मला आजही तिचं कौतुक वाटतं.

आजी बघत होती. म्हणाली, "मिठाच्या पाण्यात कधी मोड येतात का गं? मीठ नंतर घालायचं असतं." मुलीने ते जसंच्या तसं अहवालात लिहिलं, 'गृहीतक' या शीर्षकाखाली. एवढं स्वच्छ, तपासता येईल असं गृहीतक मला वर्षभरात दुसऱ्या कुणी दिलं नाही.

पण आजीला राहवेना. रात्री तिने साध्या पाण्याची वाटी उचलली, दाणे निथळून पंचात बांधले आणि ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवले. आपण सगळे ठेवतो तसेच, इथल्या थंडीत दुसरा उपाय नाही. बाकीच्या पाच वाट्या खिडकीत, बाहेर बर्फ. तिसऱ्या दिवशी पंचातल्या मटकीला बोटभर मोड, खिडकीतली मटकी ढिम्म. मुलीने निष्कर्ष लिहिला, 'मिठामुळे अंकुरण थांबतं.'

मी गुण कापले. का? कारण मोड मिठाअभावी आले की उबेने, हे कळायला मार्ग नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं, उजेड, ऊब, पाणी, दाणे, सारखं ठेवायचं. त्यावर वडिलांचा मेल आला, तीन परिच्छेदांचा. मथितार्थ एवढाच की आमच्या आईने प्रेमाने केलं. मी उत्तर पाठवलं, प्रेम हा चल घटक प्रयोगात मोजलेला नाही. (हशा) आता वाटतं, जरा जास्तच झालं.

दुसऱ्यांदा सहाही वाट्या ओव्हनमध्ये, दिवा लावून. दादाला पिझ्झा गरम करायचा होता. त्याने न बघता ओव्हन चारशेवर लावला. सहा वाट्या भाजकी मटकी. एक प्लास्टिकची होती, तीही गेली.

तिसऱ्यांदा ओव्हनच्या दारावर मराठीत पाटी लागली, 'हात लावू नये'. आणि मग व्हायचं तेच झालं. साध्या पाण्यात जवळजवळ सगळ्यांना मोड, मीठ वाढत गेलं तसे कमी, सगळ्यात खारट वाटीत शून्य. ड्राइव्ह-वेच्या पाण्याची वाटीही जवळजवळ त्या खारट वाटीसारखीच निघाली. मुलगी मला म्हणाली, "मिस, बाबा अजून तसंच मीठ टाकतात. मूठमूठ."

पुढचं गणित तिने आपणहून केलं. मी न सांगता! गोड्या पाण्यातल्या जिवांना दीर्घकाळ सोसेल अशी क्लोराइडची मर्यादा इथल्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, लिटरला 230 मिलिग्रॅम धरलीय. मिठाची पन्नास पौंडांची पिशवी म्हणजे साधारण पावणेतेवीस किलो. मिठात वजनाने साठ टक्के क्लोराइड, म्हणजे पावणेचौदा किलोच्या आसपास. त्याचे मिलिग्रॅम करा, 230 ने भागा. येतात साठ हजार लिटर. तुमच्या पुण्याच्या सोसायटीत दहा हजार लिटरचा टँकर येतो ना? असे सहा टँकर स्वच्छ पाणी एका पिशवीने त्या मर्यादेला जाऊन टेकतं. हे मीठ कुजत नाही, विरून जात नाही. गटारातून ओढ्यात जातं. तिने हे साठ हजार गॅरेजमधल्या पिशवीवर मार्करने लिहून ठेवलं. बाबा आता आधी फावडं मारतात आणि मग मोजून टाकतात. माझ्या ड्राइव्ह-वेवर किती टाकते ते विचारू नका, माझी कंबर दुखते.

हा विषय म्हणजे मला तरी हेच वाटतं: किती, कशाने, कुठे गेलं, हे विचारत राहायचं. झाडांवर प्रेम घेऊन आलात तर छानच, पण त्याला गुण नाहीत. आणि—

(संयोजकांची चिठ्ठी)

दहा मिनिटं? बरं. जे सांगायला बोलावलं होतं ते आता भराभर सांगते, ज्यांना हवं त्यांनी लिहून घ्या.

अभ्यासक्रमाची नऊ प्रकरणं आहेत. पहिली दोन परिसंस्था आणि जैवविविधता, तिसरं लोकसंख्या, चौथं जमीन-हवा-पाण्याच्या यंत्रणा, पाचवं जमीन व पाण्याचा वापर, सहावं ऊर्जा, सातवं हवेचं प्रदूषण, आठवं पाण्याचं आणि जमिनीवरचं प्रदूषण, नववं जागतिक बदल. नवव्याला सगळ्यात जास्त भार, पंधरा ते वीस टक्के, आणि ते येतं वर्षाच्या शेवटी, मुलं थकलेली असताना. तिसऱ्यात सत्तरचा नियम येतो: वाढीच्या टक्क्याने सत्तरला भागायचं की दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील ते मिळतं. दोन टक्के असेल तर पस्तीस वर्षं. (प्रेक्षकांतून: "बँकेत बहात्तर वापरतात!") काका, तुमचं व्याज जास्त असतं. (हशा)

नवव्यातच एक हमखास सापळा आहे, ओझोनचा. वरचा ओझोन आपल्याला अतिनील किरणांपासून वाचवतो, खालचा गाड्यांच्या धुरातून उन्हात तयार होतो आणि छातीला त्रास देतो. हुशार मुलंसुद्धा लिहितात, ओझोनला भोक पडलं म्हणून पृथ्वी तापली. गेले गुण. 1987 चा माँट्रियल करार ओझोनसाठी होता, तापमानवाढीसाठी नव्हे. कायदे आणि करार सातआठच आहेत, पण कुठला कशासाठी ते चोख हवं: हवेचा, पाण्याचा, 1973 चा दुर्मिळ प्रजातींचा, 1980 चा सुपरफंड, तो विषारी कचऱ्याच्या जागा साफ करण्यासाठी. मुलं यादी पाठ करतात आणि कारण विसरतात.

परीक्षा मे महिन्यात, दोन तास चाळीस मिनिटं. ऐंशी बहुपर्यायी प्रश्नांना नव्वद मिनिटं, साठ टक्के वजन. मग सत्तर मिनिटांत तीन दीर्घोत्तरी, दहा-दहा गुणांचे, चाळीस टक्के. पहिला प्रयोगाचा आराखडा, म्हणजे आपली मटकी. दुसऱ्यात समस्या तपासून उपाय सुचवायचा. तिसऱ्यात तेच, पण आकडेमोड करून. कॅल्क्युलेटर चालतो, पूर्वी चालत नसे. पण नुसतं उत्तर लिहू नये, मांडणी दाखवावी, एककं लिहावीत. 2025 पासून सगळं संगणकावर आहे, त्यामुळे सुंदर अक्षराचा आपला शेवटचा आधारही गेला.

तयारी काय लागते? एक वर्ष जीवशास्त्राचं, एक वर्ष भौतिक किंवा रसायनाचं, आणि बीजगणित. वर्गातला निदान चौथा हिस्सा वेळ प्रयोगांना आणि क्षेत्रभेटींना असावा अशी अपेक्षा असते, म्हणून चिखलाचे बूट घ्या. आणि 'सोपं' म्हणणाऱ्यांसाठी: 2024 पर्यंत कित्येक वर्षं शंभरातल्या साधारण आठ-नऊ मुलांनाच यात पाचपैकी पाच मिळत होते. पुष्कळ मुलं हे पहिलंच एपी म्हणून नववी-दहावीत घेतात, हे एक कारण. उरलेलं कारण मघाशी सांगितलं, नुसत्या चांगल्या भावनेला गुण नाहीत.

कॉलेजात क्रेडिट मिळतं का, म्हणजे तिथला तेवढा अभ्यास झाला असं धरतात का? प्रत्येकाचा नियम वेगळा. कॉलेजच्या संकेतस्थळावर बघा, मला मेसेज करू नका. केलात तर निदान रात्री अकरानंतर नको.

(प्रेक्षकांतून: "मग घ्यावं की नाही?")

अहो, मुलाला विचारा ना! पण हे करून बघा. घरी गेल्यावर विजेचं बिल त्याच्या हातात द्या आणि महिन्याचे किलोवॅट-तास शोधायला सांगा, आपण ज्याला युनिट म्हणतो ते. समजा 720 आले. महिन्याचे तास तेवढेच, तीस गुणिले चोवीस. भागलं की एक किलोवॅट. म्हणजे तुमच्या घरात एक इस्त्री रात्रंदिवस, महिनाभर, बंदच न करता चालू आहे. आता ती इस्त्री शोध म्हणावं. फ्रीज, हीटर, तळघरातला तो जुना टीव्ही, सगळं वही घेऊन मोजत फिरायला सांगा. त्याला यात गंमत वाटली तर नाव नोंदवा. "बिल तर ऑटोपे आहे ना" म्हणाला, तर केमिस्ट्रीच बघा.

झालं, झालं. मिसळ आलीय म्हणतायत.