एका कॅबिनेटात दोन पिढ्या

(दृश्य: कॅबिनेटचं झाकण निघतं. आत दोन ग्राफिक कार्डं.)

वरचं आरटीएक्स ३०६०, २०२१ सालचं, १२ जीबी मेमरीचं. खालचं जीटीएक्स १०६०, २०१६ सालचं, ६ जीबीचं. दोघांच्या वयात पाच वर्षांचं अंतर, पण फोंड्यातल्या या खोलीत दोघंही एकाच कामाला जुंपलेत.

(दृश्य: मॉनिटरवर दरबार. खांब, मशाली, हलणारे पडदे.)

गोव्यात जत्रा म्हटली की रात्री गावच्या हौशी मंडळींचं मराठी नाटक आलंच. पूर्वी मागे रंगवलेला पडदा सोडायचे. आता कुठे कुठे एलईडी स्क्रीन उभा राहतो आणि त्यावर हलता दरबार लागतो. या खोलीत राबणारे दोन भाऊ तो ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये करून देतात. वीस सेकंदांचं दृश्य, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ५०० चित्रं. प्रत्येक चित्र वेगळं रेंडर करायचं, म्हणजे कार्डाने हिशेब करून ते काढायचं.

(दृश्य: जवळून. जुन्या कार्डाचे स्क्रू निघतात.)

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डांवर गणितं करून ते कमावणं, बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं जुन्या बाजारात येऊन पडली. हे त्यातलंच एक. मायनिंगचं म्हटलं की लोक हातही लावत नाहीत. आत निघालं काय ते बघा: वाळून खडा झालेली थर्मल पेस्ट, पंख्याच्या पात्यांवर तेलकट काळा थर. चिप शाबूत. धाकटा भाऊ सोनेरी पिनांवरून खोडरबर फिरवतो, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा. नवी पेस्ट, नवा पंखा. असलं कार्ड भंगारात देणाऱ्यांनी हा भाग दोनदा बघावा.

“दादा, बसवू?”

“आधी वायर काढ. आतला दिवा विझू दे.”

(दृश्य: कार्ड खालच्या स्लॉटमध्ये बसतं. खटका लागतो.)

दोन कार्डं म्हटल्यावर गेमवाल्यांना एसएलआय आठवतं. या कार्डांच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने ते २००४ मध्ये आणलं. त्याला एकाच मॉडेलची जोडी लागायची आणि एकाच गेमच्या फ्रेम दोघांनी मिळून काढायच्या. इथे तसलं काही नाही, जोडणारा पूल नाही, वेगळी केबल नाही. ब्लेंडरचं रेंडर करणारं सायकल्स इंजिन दोन्ही कार्डं ओळखतं, एकच चित्र दोघांत वाटतं आणि कोणाचा वेग किती हे बघून वाटे बदलतं. पंगतीत ज्याचं पान लवकर रिकामं होतं, त्याला जास्त वाढतात तसं.

मेमरी मात्र जोडली जात नाही. १२ आणि ६ मिळून १८ होत नाहीत. अख्खा दरबार प्रत्येक कार्डात वेगळा भरावा लागतो आणि ६ जीबीत मावला नाही तर कमी मेमरीचं १०६० हे ३०६० लाही अडकवून ठेवतं.

(दृश्य: स्क्रीनवर दोन ब्लेंडर शेजारी शेजारी.)

यावर थोरल्या भावाने काढलेली युक्ती मला सगळ्यात आवडली. ब्लेंडर दोनदा उघडायचं, एकाला ३०६०, दुसऱ्याला १०६०. दोघांना एकच फाइल, एकच फोल्डर. आउटपुटमध्ये प्लेसहोल्डर्सवर टिक करायची, ओव्हरराइटची काढायची. जो फ्रेम घेतो तो आधी रिकामी फाइल टाकून जागा अडवतो आणि दुसरा ती फ्रेम सोडून पुढची उचलतो. फोल्डर बघत राहा: ४१, ४२, ४३ एकाकडे, ४४ दुसऱ्याकडे, पुन्हा ४५ पहिल्याकडे. खालच्या स्लॉटचा वेग कमी असला तरी फारसं बिघडत नाही, कारण दृश्य एकदा कार्डात भरलं की पुढचं गणित तिथेच होतं.

(दृश्य: एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, आणि वायरी.)

वीज जास्त लागते, दोन कार्डांची मिळून २९० वॅटपर्यंत, आणि खोली तापते. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, तेही दोन्ही कार्डांना चालणारं हवं. १०६० ला ५८० मालिकेपर्यंतचेच ड्रायव्हर चालतात, म्हणून पुढचं अपडेट इथे बंद आहे.

(दृश्य: टेबलाखालचा खोका. त्यात तिसरं कार्ड.)

हे एएमडी या दुसऱ्या कंपनीचं, आरएक्स ६६००. एकाच चित्रावर एनव्हिडियाच्या कार्डांसोबत ते चालत नाही, कारण सायकल्सला दोघांपैकी एकाचीच भाषा निवडावी लागते. पण वेगळं ब्लेंडर उघडून दिलं, तर फ्रेम उचलायला त्याला कोणाची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती मदरबोर्डवर तिसरा लांब स्लॉट नसल्याची.

“दादा, रायझर मागवूया? केबलने कार्ड बाहेर बसवता येईल.”

“आधी एसएमपीएस बघ. मग रायझर.”