हेड उतरवण्याआधी

अध्यक्ष महाराज, गाड्यांचे मालक, ड्रायव्हर मंडळी आणि मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसलेले मिस्त्री, नमस्कार. नाटक साडेनऊला आहे, म्हणजे दहाला. तोवर माईक माझ्याकडे. फळ्यावर विषय लिहिलाय, 'इंजिनाच्या तेलात कूलंट : निदान कसं करावं'. ते सांगणारच आहे. पण आधी एक राग साठलाय, तो मोकळा करतो.

कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारं रेडिएटरमधलं औषधी पाणी; ते किंवा साधं पाणी तेलात शिरलं की तेल दुधट होतं. आपल्याकडे तेल पांढरं दिसलं रे दिसलं की पाना थेट हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, बोल्टाला लागतो. चौकशी नाही, तपासणी नाही. आणि त्याआधीचं काम काय, तर चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचा, नट सोडून सगळं तेल गटारात. अरे, प्रेत जाळून मग पंचनामा कसला करता? पुरावा त्या तेलातच असतो. एक स्वच्छ बाटली भरून बाजूला ठेवा, वर तारीख आणि किलोमीटर लिहा, मग उरलेलं काढा. गटारात मात्र नको, खाली आपल्याच विहिरी आहेत.

आणि पांढरं म्हणजे नक्की कुठे पांढरं? जून ते सप्टेंबर आपल्या गोव्याच्या हवेत पापड कुरकुरीत राहत नाही, तर इंजिन कसं कोरडं राहील? साखळीहून डिचोली, डिचोलीहून साखळी, एवढीच धाव असेल तर तेल पुरतं तापत नाही. आतली वाफ तेल भरायच्या झाकणाखाली गार होऊन बसते आणि पिवळट साय धरते. डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, स्वच्छ, तेलाची पातळी जागच्या जागी, रेडिएटर भरलेला, तर ती साय फडक्याने पुसा आणि घाटात एक लांब फेरी मारून या. एवढ्यावरून हेड उतरवलेली इंजिनं मी पाहिली आहेत. (मागून : कुठल्या गॅरेजात?) नाव सांगितलं तर घरी कसा जाऊ?

होंड्याकडचे एक टिपरवाले आहेत. त्यांचंही नाव घेत नाही, कारण ते समोरच बसलेत. गाडी खडी भरून चोर्ला घाट चढणारी. एका सकाळी डिपस्टिक ओढली तर तेल दुधट तपकिरी. गॅरेजवाल्याने हेड उतरवलं, लेथवर फेस मारून, म्हणजे सपाट करून, आणलं, हेडखालची सीलची पट्टी म्हणजे गॅस्केट नवी घातली. काही दिवस बरे गेले, परत तेच. दुसरं गॅरेज म्हणालं, लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्या नळीत वर-खाली होतो तिच्या, रबरी ओ-रिंगा गेल्या. चेंबर खाली, पिस्टन बाहेर, लायनर बाहेर. बिल किती झालं ते यांनी घरी सांगितलेलं नाही, म्हणून मीही सांगत नाही. आणि तेल? परत पांढरं. तेव्हा हे माझ्याकडे आले. तेही इंजिनासाठी नाही, मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला.

चहा होईपर्यंत मी एकच विचारलं, रेडिएटरचं झाकण काढल्यावर आत काय दिसतं? म्हणाले, गंज आहे, चिकट गंज. आता गंज कधी चिकट असतो का हो? दुसऱ्या दिवशी जाऊन बोट घातलं. तेल! दोन गॅरेजांनी त्या झाकणातून पाणी काढलं, पाणी भरलं, आणि बोट कुणी घातलं नाही.

हिशेब बघा. इंजिन चालू असताना तेलाचा दाब चौरस सेंटिमीटरला तीन-चार किलो. पाण्याचा दाब रेडिएटरचं झाकण धरून ठेवतं, तो फार तर एक किलोच्या आसपास. ऑइल कूलरमध्ये, म्हणजे तेल गार करणाऱ्या भागात, एका बाजूने तेल, दुसऱ्या बाजूने पाणी, मध्ये पातळ पत्रा. त्याला चीर गेली की चालत्या गाडीत तेल पाण्यात शिरतं. गाडी घाटातून येऊन थांबली, इंजिन बंद केलं, तेलाचा दाब शून्यावर आला. पाणी मात्र तापलेलंच असतं, त्याचा दाब उतरायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात पाणी तेलात. म्हणून दोन्हीकडे घाण, आणि म्हणून ती सकाळी दिसते. कूलर काढला, एक बाजू बंद करून हवा भरली, पाण्याच्या पिंपात बुडवला. बुडबुडे! हेड निर्दोष, लायनर निर्दोष.

मागच्या रांगेतून कुणी तरी पुटपुटलं की ऑइल गॅलरीजवळ, म्हणजे दाबाखालच्या तेलाच्या वाटेजवळ, गॅस्केट फाटली तरी असंच होतं. खरं आहे. पण कूलर काढायला जो वेळ लागतो आणि हेड काढायला जो लागतो, त्याची तुलना तुम्हीच करा. सोपं आधी बघायला कुणाची हरकत आहे?

याच ओघात एक गोष्ट. 'आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला?' हे वाक्य ज्याने पहिल्यांदा काढलं तो स्पेअर पार्टवाला असणार. 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, मग थोड्या सुरू झाल्या, 2018 च्या मार्चात परत थांबल्या. तेव्हा अंगणात ताडपत्रीखाली उभ्या राहिलेल्या टिपरांत विहिरीचं किंवा ओहोळाचं पाणी तसंच राहिलं. आतून गंज, ओ-रिंगा कडक. चालत्या गाडीतही, लायनर वेट, म्हणजे बाहेरून थेट पाण्यात असलेला, असेल तर, पिस्टनच्या आपटण्याने तो थरथरतो, बाहेरच्या पाण्यात बारीक बुडबुडे होतात, फुटतात आणि लोखंड टोचून काढतात. कालांतराने आरपार भोक. हेवी ड्युटी कूलंटमधली नायट्राइटसारखी रसायनं लायनरवर संरक्षक थर धरतात. नुसत्या पाण्यात ते कुठून येणार?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, आता फळ्यावरचा विषय.

तेलाची पातळी वाढली आणि ते पातळ होऊन डिझेलचा वास येत असेल, तर ते पाणी नव्हे. पंप आणि इंजेक्टरकडे बघा. पाण्याचा संशय असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी स्टार्ट करायच्या आधी चेंबरचा नट जरासा सैल करा. पाणी आणि कूलंट तेलापेक्षा जड, तळाशी बसलेलं आधी येतं. पाणी तेलात पुरतं घुसळलं असेल तर ते खाली बसत नाही. मग तव्यावर या. तवा पाण्याच्या उकळीपेक्षा बराच गरम, त्यावर एक थेंब; तडतडला तर पाणी आहे. चष्मा लावून करा, आणि तवा घरचा घेऊ नका. पाणी उडून गेलं असेल तर तवा गप्प बसतो, तेव्हा ती बाटली प्रयोगशाळेत पाठवा. सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही वाढलेले आले तर कूलंटचाच संशय धरा. काही जुने मिस्त्री जिभेवर घेऊन गोडी बघतात. हुर्राक, आपली काजूची दारू, नव्हे तो! कूलंटमधला एथिलीन ग्लायकॉल किडन्या घालवतो.

आता जागा शोधणं. थंड इंजिन, चेंबर उतरवलेला, रेडिएटरला हातपंपाने झाकणावर लिहिलाय तेवढाच दाब द्या आणि खालून टॉर्च मारा. लायनरच्या बुडाशी थेंब धरला तर ओ-रिंग किंवा लायनर, वरून टॅपेटच्या, म्हणजे वाल्व्ह हलवणाऱ्या भागांच्या, बाजूने ओघळ आला तर हेडकडची भानगड. थंड इंजिन झाकण काढून स्टार्ट केल्यावर रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर गॅस्केट किंवा हेडची चीर म्हणा, पण त्याआधी एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर बघा. त्याचं हेड पाण्याने थंड होणारं असेल तर तेही बुडबुडे सोडतं, आणि फुटलं तर पाणी थेट इंजिनाच्या तेलात. हा मुद्दा सगळे विसरतात, यावर खरं तर तासभर…

(श्रोत्यांतून : तेल पांढरं झालेली गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेली तर?)

नको. ओढून न्या. पाणी मिसळलेलं तेल बेअरिंगवर थर धरत नाही, आणि ग्लायकॉलचं गरम तेलात आम्ल होतं, ते बेअरिंगचं शिसं-तांबं खातं. काम झाल्यावर तेल आणि फिल्टर बदला, थोडी चालवून दोन्ही पुन्हा बदला. जुना फिल्टर कापून आत बघा. आणि चेंबर खाली आहे तोवर एका मेन बेअरिंगची टोपी सोडा, एका कनेक्टिंग रॉडचीही. तिथे काय दिसतं त्यावर पुढचं इंजिनकाम ठरवा.